सगुणेचा भाऊ

सुधाकर परत आला नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिताना मलाच आस लागणार नाही. तो माझा थोरला भाऊ. वाडीहून माल भरून निघालेल्या ट्रकवर क्लीनर म्हणून गेला आणि विशाखापट्टणमच्या बंदरात उतरला. ड्रायव्हर एकटाच परत आला. आमच्या दारात उभा राहून म्हणाला, "बोटीवर काम पाहतो म्हणे तो, बाई. मी लय समजावलं, आयकलंच नाही." दोन महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं. समुद्र लय मोठा आहे, मी बरा आहे, एवढंच त्यात होतं. माय ते माझ्याकडून रोज वाचून घ्यायची. मग कार्डाच्या घडीवरची अक्षरं पुसट झाली, तरी मी वाचतच राहिले, कारण ते मला पाठ होतं.

वाडी म्हणजे शहराबाहेरची ट्रक आणि गोदामांची वस्ती. तिथं तेव्हा आम्ही एका गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या भाड्याच्या खोलीत राहत होतो. वडील मी लहान असतानाच गेले होते. चौथी पास झाल्यावर माझी शाळा सुटली ती सुटलीच. माय ट्रकच्या फाटलेल्या ताडपत्र्या शिवायची. दारासमोर पाय पसरून बसायची, मांडीवर ती जाड, डांबराचा वास मारणारी ताडपत्री, हातात दाभण आणि मेण लावलेली सुतळी. तिच्या बोटांना घट्टे पडले होते, तव्यावरची भाकर ती हातानंच उलटायची. अमरावती रोडवरून दिवसभर ट्रक जायचे. ब्रेकच्या आवाजावरून ती सांगायची की हा भरलेला आहे, हा रिकामा आहे, याचा ड्रायव्हर नवा आहे. ताडपत्री घेऊन आलेल्या प्रत्येकाला ती विचारायची, "बंदराकडं जाता काय गा? सुधाकर नावाचा पोट्टा दिसला काय? डाव्या भुवईवर खूण आहे त्याच्या." ते बिचारे आठवल्यासारखं करायचे. मग मान हलवायचे.

सुधाकर गेल्यापासून माय खोली सोडून कुठं गेली नव्हती. नळापर्यंत जायची, तेही दार उघडं टाकून. बाजार मी करायची, लग्नाबारशाला मी जायची, तिला ताप आला तर डॉक्टरकडं जाऊन गोळ्याही मीच आणायची. "कुलूप दिसलं तर तो तसाच वापस जाईन," म्हणायची. अडीच वर्षं अशी गेली होती. ती रात्रीसुद्धा नीट झोपत नव्हती. मी कूस बदलली तरी उठून बसायची. आम्ही दोघी तेव्हा किती थकलो होतो, हे मला आता या वयात कळतं. तेव्हा वाटायचं, सगळेच असे जगतात.

मी त्याच रस्त्यावरच्या एका रद्दीच्या गोदामात छाटणीला जायची. आम्ही आठ-नऊ बाया ढिगाऱ्याभोवती बसायचो. वर्तमानपत्र एकीकडं, पुठ्ठा एकीकडं, पांढरा कागद एकीकडं. पुस्तक हातात आलं की त्याचं कव्हर ओरबाडून काढायचं, कारण त्यावरचा चकचकीत थर कागदाच्या लगद्यात विरघळत नाही. मग पुस्तक गुडघ्यावर ठेवून मधोमध मोडायचं आणि पाठीचा डिंकाचा पट्टा ओढून काढायचा. हे करायला एका पुस्तकाला दहा श्वास लागत नाहीत. मी किती पुस्तकं अशी मोडली असतील, त्याचा हिशेब देव ठेवत असेल तर ठेवो. वाचायचं म्हणून एकही उघडलं नव्हतं. कामावर वाचत बसणं म्हणजे आळस, असंच आम्हांला वाटायचं.

त्या दिवशी जेवायची सुट्टी झाली तेव्हा माझ्या गुडघ्यावर नुकतंच मोडलेलं पुस्तक होतं. उजवा भाग मी पांढऱ्याच्या पोत्यात टाकला होता, डावा हातात राहिला. मी तो खाली ठेवून त्यावर भाकर ठेवली. भाकर संपली तेव्हा खाली एक चित्र निघालं. एक लांब नाव, तिच्या टोकाला सापाचं तोंड, आणि सुकाणू धरून बसलेली एक मुलगी, माझ्याच वयाची. मी बोट ठेवून खालची ओळ वाचली. 'तिचा भाऊ समुद्रानं नेला होता आणि ती त्याला आणायला निघाली होती.' मी इकडंतिकडं पाहिलं आणि तो अर्धा भाग लुगड्याच्या ओच्यात खोचला. आयुष्यात मी केलेली ती पहिली चोरी.

"हे काय आणलं वं?" मायनं विचारलं.

"गोष्टीचं पुस्तक आहे. अर्धंच आहे."

"अर्धं काहून?"

"मीच मोडलं."

"मोडायच्या आधी पाहाव ना, पोट्टे," ती म्हणाली, जणू पाहण्यासाठीच मला तिथं ठेवलं होतं.

त्या दिवसापासून मी कामावरून आले की चहा व्हायचा आणि चूल पेटेपर्यंत मी वाचायची. माय शिवत शिवत ऐकायची. पुस्तक दूर उत्तरेकडच्या थंड देशातलं होतं, मराठीत लिहिलेलं, पण नावं सगळी तिकडची. मुलीचं नाव सिग्रून होतं. त्यावर माझी जीभ अडखळायची. माय म्हणाली, "सगुणा म्हण आणि पुढं चाल." मग ती सगुणाच झाली. भावाचं नाव आम्ही घेतलंच नाही, तो सगुणेचा भाऊ. त्याला मेलेल्यांच्या राणीनं समुद्रापलीकडं ठेवून घेतलं होतं. त्या राणीचं अर्धं तोंड गोरं आणि अर्धं काळं होतं. मी 'मेलेल्यांच्या' वाचलं की माय लगेच म्हणायची, "तो मेला नाही ना पण. ठेवून घेतला म्हणते."

समुद्र आम्ही दोघींनीही पाहिला नव्हता. मी एकदा अंबाझरीचा तलाव पाहिला होता, मायनं तोही नाही. पण तिला सगळं कळायचं. सगुणा शीड उभारते असं आलं तेव्हा ती मांडीवरची ताडपत्री थोपटून म्हणाली, "हीच ना? वारं भरलं की ट्रकवर बी अशीच फुगते. कडेले दुहेरी शिवली काय तिनं? नाही तर फाटंल." सगळ्या जगाला वेढा घालून आपलंच शेपूट तोंडात धरून पडलेला समुद्रातला साप आला. ती म्हणाली, "शेषच आहे तो. त्यायच्याकडं आडवा पडला असंल." एक डोळा देऊन अक्कल विकत घेतलेला म्हातारा आला, त्याच्या खांद्यावर दोन कावळे. सगळ्या जगाच्या बातम्या ते कावळे त्याला आणून सांगायचे. ते ऐकून तिनं मान वर करून रस्त्यावरच्या ट्रकांकडं पाहिलं. पुढं वैऱ्यांचं जहाज आलं, मेलेल्या माणसांच्या न कापलेल्या नखांपासून बांधलेलं. तेव्हा तिनं दाभणच खाली ठेवलं. "पाहाय! मी बोंबलून राहिली, दिवे लागल्यावर नखं नको कापू, घरात नको पाडू. आयकते कोण?" त्या दिवसापासून मी नखं कागदात गुंडाळून चुलीत टाकायची.

परवा माझा नातू मोबाईलवर काहीतरी खेळत होता. पडद्यावर तशीच नाव, सापाच्या तोंडाची, आणि एका डोळ्याचा तो म्हातारा. मी म्हणाले, "हा कोण ते मले माहीत आहे." तो हसला. "आजी, तुले काय माहीत?" मी गप्प बसले. गप्प बसायची मला जन्माची सवय आहे. चारचौघांत माझा आवाज निघत नाही, निघाला तर माझा मलाच परका वाटतो. म्हणून हे त्याच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहीत आहे. दाखवायचं कोणाला नाही.

राणीनं सगुणेला अट घातली होती. तुझ्या भावाला ओळखणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यातला एक थेंब या वाडग्यात आण, सगळे रडले तर सोडते. सगुणा बेटामागून बेट फिरली. मासे धरणारे रडले, लोहार रडला, ज्या पोरीशी त्याचं जमणार होतं ती रडली, त्याचा कुत्रासुद्धा रडला. शेवटी एक म्हातारी राहिली, गुहेत राहणारी. सगुणा गुहेच्या तोंडाशी जाऊन हाक मारते आणि म्हातारी मान वर करून... तिथं माझं अर्धं पुस्तक संपलं.

"पुढं?" माय म्हणाली.

"पुढचं पोत्यात गेलं."

आता वसंताचं लिहायला हवं. वसंता काटोलचा. तिथल्या फळबाजारात संत्र्यांच्या पेट्या भरायचा आणि ठोकायचा. माझ्या मामानं ते स्थळ आणलं होतं. दिवाळीत तो मला पाहायला आला. मी चहाचा कप पुढं केला तर बशीत अर्धा चहा सांडला. त्यानं बशीतला चहा आधी प्यायला, मग कपातला, आणि मला एकच प्रश्न विचारला. "तुम्हाले संत्री आवडते काय?" मी म्हणाले, "हो." तो म्हणाला, "मले आता पाहावत नाही." मला हसू आलं. परक्या माणसासमोर मी हसले, हे मायनंही पाहिलं. तो गेल्यावर कितीतरी दिवस मी छाटणी करताना मधेच हसायची आणि बाजूची जनाबाई मला कोपरानं ढोसायची.

पण माय लग्नाची तारीख धरू देईना. लग्नात नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळायचा असतो. नवऱ्याला बजावायचं असतं की हिच्यामागं कोणी आहे. त्या मानाचं उपरणंही भावाचंच. "कान कोण पिळंल?" एवढंच माय म्हणायची. मामा समजावून थकला. अर्धं पुस्तक संपलं त्यानंतरच्या रविवारी आला तो चप्पल न काढताच बोलायला लागला.

"माह्या पोट्टा पिळंल ना, बाई. मामेभाऊ चालते. सगळीकडं चालते."

"सख्खा असताना?" माय म्हणाली.

तो 'असताना' मामानं तसाच सोडून दिला. मग म्हणाला, "पौर्णिमेपर्यंत थांबतो म्हणतात ते लोक. त्याच्यापुढं नाही. त्यायच्या घरी बी म्हातारी माणसं आहेत. हो म्हण, नाही तर नाही म्हण."

मायनं दाभणातली सुतळी दातानं तोडली. "पुस्तकातलं कळू दे."

"कोणतं पुस्तक? पोथी गिथी लावली काय?"

"पोथीच समज. सगुणेचा भाऊ घरी आला, तर माह्या बी येते. मग मी थांबतो, काटोलवाले जावोत कुठं जायचं तिथं. नाही आला, तर तू म्हणशीन त्या दिवशी लग्न. तुह्या पोट्टा पिळू दे कान."

देवीपुढं कौल लावतात तसं तिनं ते लावलं. मामा माझ्याकडं पाहून म्हणाला, "पागल झाली तुही माय." पण मला माहीत होतं, तिनं एकदा शब्द काढला की तो शब्द होता. आणि घरात वाचता येणारी मी एकटीच होते.

दुसऱ्या दिवशी कामावर मी जनाबाईला सांगितलं. जनाबाई माझ्याहून मोठी, तोंडानं फटकळ, सगळ्या गोदामात मुनीमजीशी बरोबरीनं बोलणारी एकटीच. ती म्हणाली, "मग काय, गठ्ठा खोलाव लागंन. जाय, विचार मुनीमजीले."

"तू विचार ना."

"लग्न माह्यं आहे काय?"

पोत्यांतला कागद मशिनीत दाबून त्याचे लोखंडी पट्टी मारलेले गठ्ठे करायचे, माणसाच्या छातीएवढे. मी पुस्तक मोडलं त्या आठवड्याचे दोन गठ्ठे अजून मागंच उभे होते. कागदाच्या कारखान्याचा ट्रक यायचा होता. मी मुनीमजीच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. तो मान वर करीना. मी घसा साफ केला, तरी करीना. शेवटी जनाबाई मागून ओरडली, "मुनीमजी, पोट्टी मूर्ती नाही आहे, बोलून राहिली!"

"क्या हुआ?"

"गठ्ठा खोलायचा आहे," मी म्हणाले. "एक किताब आधी मीच तोडली. बाकीची आत आहे."

त्यानं चष्मा काढला. "किताब के वास्ते गठ्ठा खोलेगी?" मी मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असावं, कारण तो गडबडला. "अरे, रोती क्यों है? खोलो. खाने की छुट्टी में खोलो, और वापस बांधेगी भी तू." मग पुटपुटला, "पहले बोलना था, पढ़ी-लिखी है."

तीन दिवस आम्ही जेवायच्या सुट्टीत भाकर हातात धरून शोधलं. बाया मला मदत करायच्या, कारण दुपारी मी त्यांनाही थोडी थोडी गोष्ट सांगितली होती. ढिगाऱ्यातून कुणी ओरडायची, "नाव दिसली वं!" आणि ती कुठल्या तरी सहलीच्या पुस्तकातली निघायची. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या गठ्ठ्याच्या तळाशी ते सापडलं. कोपरा दाबून कडक झालेला होता. पानं आत चिकटली होती. मी तिथंच गठ्ठ्याला टेकून बोट ठेवत शेवटपर्यंत वाचलं. जनाबाई समोर उकिडवी बसली होती.

गुहेतली म्हातारी रडली नाही. ती म्हणाली, माझे तीन पोरगे समुद्रानं नेले. तेव्हा मी रडले, सगळं रडले, एकही आला नाही. आता माझ्यात पाणी राहिलं नाही, दुसऱ्याच्या पोरासाठी कुठून आणू? सगुणेनं मग कोणी पाहत नाही असं पाहून समुद्राचं खारं पाणी एक थेंब वाडग्यात घातलं. राणीनं ते जिभेवर घेतलं आणि म्हणाली, हे पाणी मी ओळखते, हे रोज माझ्या दाराशी येतं. भाऊ उंबऱ्याच्या आत उभा होता. त्यानं हात वर केला. सगुणा एकटीच नाव घेऊन घराकडं निघाली.

"म्हणजे नाही आला," जनाबाई म्हणाली. "झालं तर मग. वाजव बँड."

मी चिकटलेली पानं सरळ करत राहिले. जनाबाईनं माझ्याकडं नीट पाहिलं. "पण तुह्या मायले पटंन काय वं? तिले वाटंन, पोट्टी लग्नासाठी मनचंच वाचून राहिली. तिले थोडीच वाचता येते."

ते वाक्य माझ्यात जाऊन बसलं. संध्याकाळी घरी आले तर मायनं खोली झाडून ठेवली होती. ताडपत्री घडी करून बाजूला, अंगावर धुतलेलं लुगडं. पाहुणे यायचे असल्यासारखी ती भिंतीला टेकून बसली होती. मी पुस्तक उघडलं. तिनं माझ्याकडं पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं, तसं मी नंतर दवाखान्यांच्या दारांत बसलेल्या लोकांच्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे. वसंता माझ्या मनात होता. खोटं नाही लिहीत, होता. मला काटोलला जायचं होतं. पण खरं वाचलं तर ते माझ्याच सोयीचं होतं, आणि तिनं नुसती एकदा माझ्याकडं शंकेनं पाहिलं असतं तरी मला तोंड दाखवता आलं नसतं. कागदावर नजर ठेवून मी म्हणाले, "म्हातारीनं मान वर केली. मग ती रडायला लागली."

मायनं तोंडावर पदर घेतला.

"वाडगा भरला. राणीनं दार उघडलं. भाऊ आला आणि नावेत बसला."

"कुठं बसला? पुढं का मागं?"

"पुढं," मी म्हणाले.

त्या दिवशी तिनं गोळाभात केला. डाळीचे गोळे घालून वाफवलेला भात, वरून कढवलेलं तेल, आणि लाल मिरचीची फोडणी. अडीच वर्षांत तो आमच्या घरी झाला नव्हता. सुधाकरला आवडायचा म्हणून ती करायची नाही. तिनं मला वाढलं, स्वतःही दोनदा घेतलं. दुसऱ्या दिवशी मामा आला तर तिनं हसून सांगितलं, "आम्ही थांबतो." मामानं माझ्याकडं पाहिलं. मी पाट्यावर चटणी वाटत होते, वाटत राहिले. पौर्णिमा आली आणि गेली.

पंधरा दिवस माय गाणं म्हणत शिवत होती. मी कामावर जायची, यायची, पडायची. अंगात ताकद नव्हती. ताप आल्यासारखं वाटायचं, पण ताप नव्हता. मी खोटं वाचल्याचं कळल्यापासून जनाबाई माझ्याशी बोलेना. पंधराव्या दिवशी सुट्टी होती. जेवण झालं, दुपारचं ऊन दारात आलं होतं. माय म्हणाली, "तो शेवट पुन्हा वाच वं. भाऊ येते तो."

मी पुस्तक घेतलं. आधी काय सांगितलं होतं ते आठवेना. म्हातारी रडली, वाडगा भरला, इथपर्यंत बरोबर सांगितलं. मग म्हणाले, "सगुणा नाव वल्हवत होती, भाऊ तिच्या मागं झोपला होता."

"पुढं बसला होता," माय म्हणाली.

मी पान उलटून पाहिल्यासारखं केलं.

"त्या दिवशी पुढं बसला होता. आज मागं झोपला. छापलेलं आहे ना ते? कागद थोडीच बदलते, बाई."

तिनं दाभण ताडपत्रीत खुपसून ठेवलं. आवाज चढवला नाही. "खरं वाच," म्हणाली. मी बोट ठेवलं आणि खरं वाचलं. म्हातारीचे तीन पोरगे, आटलेलं पाणी, समुद्राचा थेंब, उंबऱ्याच्या आतला भाऊ. मधे मला रडू आलं, तर ती म्हणाली, "थांबू नको." सगळं संपल्यावर ती बराच वेळ ताडपत्रीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "समुद्राचं पाणी घातलं पोट्टीनं. काय करंल बिचारी." आणि उठली. खुंटीवरचं चांगलं लुगडं काढलं, नेसली. माझ्याकडं न पाहता म्हणाली, "चल. काटोलले."

"आत्ता?"

"मग कवा?"

कुलूप सापडेना. अडीच वर्षांत लागलं नव्हतं. शेवटी पिठाच्या डब्यामागं सापडलं, गंज चढलेलं. तिनं त्यात शिवणाच्या मेणाचा तुकडा चोळला, दार ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. मागं वळून पाहिलं नाही. मीच पाहिलं.

आम्ही शहरातल्या बसस्टँडवर गेलो आणि काटोलची एसटी धरली. माय खिडकीशी बसली. अडीच वर्षांत रस्त्यावर काय काय झालं ते ती पाहत होती. फळबाजारात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सगळीकडं वाळलेलं गवत, संत्र्यांचे ढीग, सालीचा उग्र वास. वसंता पेटी ठोकत बसला होता, तोंडात चार-पाच खिळे धरलेले. आम्हांला पाहून तो उभा राहिला. खिळे एकेक करून हातावर काढले.

"तुम्ही काहून आल्या, आई? मामाले निरोप दिला होता ना आम्ही."

"काय निरोप?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग ढिगाकडं. "परवाच साखरपुडा झाला. कोंढाळीची आहे." मग हळू आवाजात म्हणाला, "मी आठ दिवस घरी बोललो नाही. पण तुमच्याकडून नाहीच आलं. पंधरा दिवस आधी आल्या असत्या तर…"

मामानं तो निरोप आम्हांला दिला नव्हता. त्याला तोंड नसेल. पण ते पंधरा दिवस माझे होते, हे त्या बाजारात फक्त मला आणि मायला माहीत होतं. मायनं वसंताच्या डोक्यावर हात ठेवला. "चांगलं होवो तुह्यं, बाबू," म्हणाली. तो आत गेला आणि एका पिशवीत संत्री भरून घेऊन आला. मी घेईना, तर त्यानं पिशवी मायच्या हातात दिली. माझ्याकडं पाहून त्याला काहीतरी म्हणायचं होतं. मलाही होतं.

परतीच्या गाडीत माय संत्रं सोलत होती. घट्ट्यांच्या बोटांना साल नीट धरता येईना. मी घेऊ लागले तर तिनं हात बाजूला केला.

"खोटं काहून वाचलं वं?"

"तुले बरं वाटावं म्हणून."

"वाटलं ना. पंधरा दिवस लय बरं वाटलं मले." तिनं अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. "तुह्यं नुकसान झालं."

मी म्हणाले, "होऊ दे." तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. बाहेर बागा मागं जात होत्या. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "सुधाकर नाही येत आता." विचारत नव्हती. तिनं बिया मुठीत धरून ठेवल्या होत्या, त्या खिडकीबाहेर टाकल्या.

पुढं माझं लग्न झालं, मुलं झाली, माणूस बरा निघाला आणि माझ्याआधी गेला. वसंता मला पुन्हा कधी दिसला नाही. माझ्या हातून झालं ते बरं झालं की वाईट, याचा विचार करून करून मी आता थकले आहे. एवढंच सांगता येतं की आजही कोणी खरं वाचायला सांगितलं तर मी चष्मा सापडत नाही म्हणते.

वाडीला उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कुलूप जसंच्या तसं होतं. मायनं ते काढलं, आत आल्यावर कडी लावली, आणि पाय न धुता, चटई न अंथरता, मोकळ्या जमिनीवर आडवी झाली. मी भात टाकला. वाढून हाक मारली तर उठली नाही. तिचं तोंड थोडं उघडं होतं, श्वास लांब लांब येत होता. मी तिच्या अंगावर ताडपत्रीच ओढली. रस्त्यावरून ट्रक गेले, कोणी तरी अगदी आमच्या भिंतीशी करकचून ब्रेक मारला, ती हलली नाही.

सकाळी ऊन तिच्या पायावर आलं तरी ती झोपलेलीच होती. माझी कामाची वेळ झाली, मग टळली. अडीच वर्षांनी ती अशी झोपली होती, तिची झोप मोडू नये म्हणून मी चुलीशी गुडघे जवळ घेऊन बसून राहिले. तासभर उशिरा पोचले तेव्हा मुनीमजीनं विचारलं, "कहाँ थी?" मी म्हणाले, "घरी होते. माय झोपली होती." एवढ्यानं कोणाला काय कळणार. तो खूप बोलला. मी ऐकून घेतलं, आणि जनाबाईच्या बाजूला ढिगाऱ्यापाशी जाऊन बसले.